फौजीची डिसॅबिलिटी पेन्शन रिजेक्ट झाली? मानसिक आजाराच्या केसमध्ये अपील असं करा

माझे मामा फौजेतून घरी आले त्यानंतर काही महिन्यांनी एक लेटर आलं, डिसॅबिलिटीचा क्लेम रिजेक्ट, आणि कारणात एकच शब्द, नाना. म्हणजे आजार सर्व्हिसमुळे झालेला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलेलाही नाही. मामांनी ते घडी करून ट्रंकेत टाकलं आणि आठ वर्षं कुणाला दाखवलं नाही. मामीला वाटायचं रात्री ओरडत उठतात ते दारूमुळे. गावागावात असे लोक आहेत, म्हणून लिहितोय.

आधी हे समजून घ्या की कागदावर पीटीएसडी (भयंकर प्रसंगाच्या धक्क्याने होणारा मानसिक आजार) असं लिहिलेलं नसलं तरी केस जात नाही. मामांच्या कागदावर डिप्रेसिव्ह एपिसोड होतं, दुसऱ्या कुणाच्या कागदावर ॲडजस्टमेंट डिसऑर्डर असेल. सप्टेंबर २०२३ च्या आधी सुटलेल्यांसाठी, मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरांची जी सरकारी गाइड होती, २००२ ची, २००८ मध्ये सुधारलेली, तिच्या सहाव्या प्रकरणात पॅरा ५४ आहे, तो काढून वाचाच. त्यात स्पष्ट म्हटलंय की मानसिक आजारात निदान काय आहे यावर नाही, तर माणूस कुठल्या परिस्थितीत नोकरी करत होता यावर ठरवायचं. लढाईचा भाग, काउंटर इन्सर्जन्सी (अतिरेक्यांविरुद्ध कारवाईचा) एरिया, हाय अल्टिट्यूड, एकदम एकाकी पोस्ट, समुद्रावरची ड्युटी, जीवितहानी झालेला गाडीचा ॲक्सिडेंट, किंवा भूकंपासारख्या मोठ्या आपत्तीत मृतदेहांजवळ काम, अशा ठिकाणी असताना आजार सुरू झाला तर तो सर्व्हिसमुळेच धरायचा. मोठी जखम होऊन वर्षाच्या आत त्रास सुरू झाला तरी तेच. आणि आजार आधीच माहीत होता, ड्युटीवर बंधनं घातलेली होती, तरी परत फील्डला पाठवलं, तर सर्व्हिसमुळे वाढला असं धरायचं.

म्हणजे तुमची सगळी लढाई तारखांची आहे. आजार कसा आहे हे पटवत बसू नका, तो कुठे आणि कधी सुरू झाला ते दाखवा.

त्यासाठी कागद लागतात. रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि रिलीज मेडिकल बोर्डाची (फौजेतून सुटताना जी तपासणी होते तिची) पूर्ण प्रोसिडिंग्ज मागा, फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. सोबत सगळ्या हॉस्पिटल ॲडमिशनचे कागद आणि एएफएमएसएफ-१०, म्हणजे मानसिक आजाराच्या केसमध्ये सीओ साहेबांनी (युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्याने) भरायचा रिपोर्ट, तो पण मागा. मामांचा फॉर्म आला तेव्हा आम्ही रात्री ओट्यावर घेऊन बसलो. सुरुवातीलाच पोस्टिंगचा तक्ता असतो, पीस म्हणजे शांत भाग असेल तर पी, फील्ड म्हणजे ऑपरेशनचा भाग असेल तर एफ. आजार सुरू झाल्याची जी तारीख बोर्डानेच लिहिलेली, ती तक्त्यात शोधली तर काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या ओळीत आली, पुढे एफ. आणि तोच बोर्ड खाली लिहितो की सर्व्हिसशी संबंध नाही, कारण काय तर एक ओळ. मी त्या दोन्ही जागा पेनाने गोल केल्या, आमचं अर्धं अपील तिथंच तयार झालं.

रिजेक्शनचं लेटर मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं, ते पण नामंजूर झालं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. उशीर झाला असेल तरी करा, उशिराचं कारण खरं खरं लिहा, मानसिक आजार असलेला माणूस कागदाला हात लावत नाही हे पण कारणच आहे. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं वेगळं कोर्ट, आपल्या महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई बेंच. अपिलावर सहा महिने उत्तरच नाही आलं तरी ट्रिब्युनलला जाता येतं, वाट बघत बसू नका.

अपिलात सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल टाका, २०१३ चा. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमध्ये झाला असं मानायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची, असं त्यात आहे. पण एक सांगतो, २०१९ चा नरसिंग यादव निकाल उलटा आहे, मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसतोच असं नाही म्हणून नुसत्या त्या गृहीतकावर पेन्शन मिळणार नाही असं कोर्ट म्हणालं. म्हणून फक्त धरमवीर सिंगवर विसंबू नका, पॅरा ५४ आणि तारखा पुढे ठेवा.

टक्केवारी पण बघा. बोर्डाने किमान २० टक्के डिसॅबिलिटी तरी दिलेली हवी. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशोब आहे, आणि राम अवतार निकालानंतर (२०१४) ५० च्या खालची टक्केवारी ५० धरतात, म्हणजे पगाराच्या १५ टक्के. केस उशिरा केली तर थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून दरवर्षी नुकसान होतंय हे लक्षात घ्या. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत, त्यानंतर सुटलेल्यांनी वरचा पॅरा ५४ आणि आकडे तसेच्या तसे धरू नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, दिव्यांग व्यक्तीला तिथं मोफत वकील मिळतो.

शेजारच्यांचं, पलटणीतल्या जोडीदाराचं, बायकोचं म्हणणं लेखी घ्या. मामीने लिहिलं की सुट्टीवर आले की दिवाळीत फटाके वाजले की हे गोठ्यात जाऊन बसायचे, कुठल्या वर्षापासून ते पण लिहिलं.

आणि त्यांना एकट्याला स्टेटमेंट लिहायला बसवू नका. मामा दोन ओळी लिहून उठायचे, आम्ही रोज थोडं थोडं करून नऊ दिवसांत पान पूर्ण केलं. रात्री जास्त त्रास झाला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि फौजींसाठी त्यांचा वेगळा सेल पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) आहे. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की तीही फाइलला लावा.