ससा खात नाहीये, लेंड्या कमी झाल्यात? पोटाचं दुखणं असं ओळखा आणि हे करा

ससा पाळणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं की रोज सकाळी पिंजरा झाडायच्या आधी लेंड्या नीट बघा. सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं सगळं पुढेच सरकावं लागतं आणि ते सरकणं थांबलं की काही तासांत जिवावर बेततं. त्यात हा जीव दुखणं लपवणारा, कोपऱ्यात गप्प बसून राहतो आणि घरच्यांना वाटतं झोप आली असेल.

आधी लेंड्या बघा

चांगली लेंडी गोल, कोरडी असते, बोटांनी चुरडली की आत गवताचा भुसा दिसतो, आणि मोठा ससा दिवसाला शंभराच्या वर टाकतो. मोजत बसू नका, रोज बघितलं की नजरेला कळतं. लेंड्या बारीक, टोकदार, काळ्या कडक व्हायला लागल्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या निघाल्या तर आतडं मंदावतंय, तेव्हाच जागं व्हायचं. चकचकीत, मऊ, वासाच्या, करवंदांच्या घोसासारख्या चिकटलेल्या दिसल्या तर घाबरू नका, त्या ससा स्वतःच परत खातो आणि त्याला त्या लागतातच. पण त्या रोज तशाच पडून राहत असतील किंवा शेपटीखाली लडबडलेल्या असतील तर पेलेट (सशाचं दुकानात मिळणारं दाणेदार खाद्य), पाव, बिस्किटं जास्त होतायत, नाहीतर ससा इतका जाड झालाय की त्याचं तोंड तिथवर पोचत नाही.

मग सशाकडे बघा

नाकापुढे कोथिंबिरीची काडी धरा. एरवी हिसकावून घेणारा ससा तोंड फिरवतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. पाठीला पोक काढून बसणं, डोळे अर्धे मिटलेले, पोट जमिनीला दाबून धरणं, दात करकर वाजवणं ही दुखण्याची लक्षणं. हनुवटी ओली असेल तर दातांचा त्रास असू शकतो, आणि दात दुखले की खाणं थांबतं, मग पोट. कान पण हाताने बघा, गार पडले असतील तर अंगातली ऊब कमी होतेय.

१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, रात्र असली तरी डॉक्टरला फोन. आणि पोट अचानक टणक, ताणलेलं लागत असेल, ससा आडवा पडत असेल तर १२ तास सुद्धा थांबू नका, आत अडकलेलं असू शकतं. अशा वेळी तोंडात काहीही भरवायचं नाही, सरळ गाडी काढा.

दवाखान्यात पोचेपर्यंत

आपल्याकडे कोकणात तालुक्याच्या ठिकाणी बरेचसे डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या, कुत्रे बघतात, म्हणून आधी फोनवर विचारा की सशावर उपचार करता का, नाहीतर सावंतवाडी किंवा चिपळूणपर्यंत जाऊन परत यायची वेळ येते आणि तेवढा वेळ सशाकडे नसतो. खरं तर हा नंबर ससा आणायच्या दिवशीच शोधून ठेवायला हवा. जाताना ताज्या लेंड्या डबीत घ्या, शेवटचं कधी खाल्लं ते सांगा.

कान गार असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. ताजं गवत, वाटीत पाणी समोर असू दे. पोट फुगलेलं नसेल आणि डॉक्टरने भरवायला सांगितलं तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून गुळगुळीत करा आणि सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे, अर्धा-एक मिली इतकंच, गिळलं की पुढचं. किलोमागे साधारण १० मिली एका वेळेला, दिवसातून तीन-चारदा. ससा उताणा धरू नका, श्वासनलिकेत जातं.

बेंबीला हिंग, ओव्याचं पाणी, एरंडेल हे सगळं लोक मनापासून करतात पण त्यात जातो तो वेळ. आणि घरातली माणसांची औषधं अजिबात नाही. अमॉक्सिसिलिनसारखी काही अँटिबायोटिक्स तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही जातो, त्यामुळे मेडिकलवाल्याला विचारून गोळी आणू नका. दुखणं कमी करायचं औषध, सलाईन, आतडं हलवायचं औषध, सगळं डॉक्टर वजन बघून ठरवतात.

पिल्लांचे जुलाब

मोठ्या सशाला पाण्यासारखे जुलाब क्वचितच होतात, झाले तर इमर्जन्सीच. पिल्लांमध्ये मात्र कॉक्सिडिया नावाचा परजीवी नेहमीचा, त्याला ओल लागते आणि आपला पावसाळा म्हणजे ओलच ओल. लेंड्या मायक्रोस्कोपखाली तपासून औषध मिळतं. पिंजरा रोज कोरडा करा, लेंड्या रोज उचला आणि उकळतं पाणी ओता, नेहमीच्या फिनेलने त्याची अंडी मरत नाहीत. पावसात ढुंगण लडबडलेलं राहिलं तर माशा अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात, म्हणून शेपटीखाली सकाळ-संध्याकाळ बघा.

परत होऊ नये म्हणून

खाण्यातला मोठा वाटा गवताचाच हवा, हरळी उत्तम. पण मोहोराच्या दिवसांत आंब्याच्या कलमांखालचं गवत आणू नका, तिथे फवारणी झालेली असते. मृगाचा पाऊस पडला की कोवळं गवत वर येतं आणि पोरं भारेच्या भारे घालतात, ते आठवडाभर थोडं थोडं वाढवत न्या. कापून ढीग घातलेलं, आतून गरम झालेलं किंवा बुरशीचा वास येणारं गवत फेकून द्या, सुकं गवत जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवा. घावण्याचा तुकडा, खोबरं, फणसाचा गरा, आंब्याची फोड कोणी पाहुणा प्रेमाने द्यायला लागला तर नको म्हणून सांगा, साखर आणि पीठ पोटात गेलं की गॅस होतो. एप्रिल-मेमध्ये ३० अंशांच्या पुढे सशाला झेपत नाही, खाणं कमी होतं, तर पडवीतली सावलीची जागा द्या आणि बर्फ झालेली बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा.

उपचारानंतर पहिल्या लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या पडतात, चालेल, पडतायत हे महत्त्वाचं. स्वतःहून गवत खायला लागेपर्यंत भरवणं थांबवू नका, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत तसंच झालं तर डॉक्टरकडून मागच्या दाढा तपासून घ्या, बाहेरून त्या दिसत नाहीत.