सायनोटाइप करताय? निदान या चुका टाळा

सायनोटाइप म्हणजे कागदावर किंवा कापडावर लोहाच्या केमिकलचं कोटिंग लावायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्याने धुऊन निळा फोटो काढायचा. माझ्याकडे हे शिकायला येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच, प्रिंट धुतली आणि निळा रंग सगळा पाण्यात गेला, केमिकल खराब निघालं वाटतं. केमिकलला काही झालेलं नसतं. तुम्ही ती उन्हातून लवकर उचललीत. कोटिंग आधी पिवळट हिरवं असतं, मग निळं होतं आणि इथेच सगळे फसतात, छान दिसतंय म्हणून लगेच आत आणतात. अहो थांबा ना जरा! निगेटिव्हच्या बाहेरची कड निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी, न घासलेल्या पितळेच्या डब्यासारखी मळकट दिसायला हवी, कारण धुताना बराच रंग निघून जातो. ठाण्यात मे महिन्याच्या भर दुपारी मला ८ मिनिटं पुरतात आणि डिसेंबरात चारच्या उन्हाला अर्धा तासही कमी पडतो, त्यामुळे मी घड्याळ बघतच नाही, कड बघतो.

दुसरी चूक पावसाळ्यातली. ही मी स्वतः केलीय आणि अजून जीवाला लागते. जुलैमध्ये रात्री बसून १२ कागद कोट केले, चांगला महागाचा कागद, आणि कपाटात वाळत ठेवून झोपलो. आमचं घर घोडबंदर रोडला, खाडीची हवा, त्यात पाऊस. सकाळी कपाट उघडलं तर बाराच्या बारा हिरवट निळे! तरी हट्टाने एक धुतला, पांढरं असं कुठे उरलंच नव्हतं. ओलं राहिलेलं कोटिंग अंधारातसुद्धा आपोआप निळं होत जातं. तेव्हापासून पावसाळ्यात एका वेळी ३ च कागद, अंधाऱ्या खोलीत पंखा, वर हेअर ड्रायर थंड हवेवर, आणि त्याच दिवशी वापरायचे. शंका आली तर ऊन न दाखवता एक पट्टी कापून धुवा. पांढरी निघाली तरच पुढे जा.

प्रमाणाशी खेळू नका. कोटिंगची दोन केमिकल्स, फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिली पाण्याला २५ ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड १०० मिली पाण्याला १० ग्रॅम, बाटल्या वेगळ्या ठेवायच्या आणि लागेल तेवढंच समसमान मिसळायचं. फेरिसायनाइडजवळ कडक अ‍ॅसिड नेऊच नका, विषारी वायू होऊ शकतो.

लोखंडी पट्टीचा ब्रश नको, निळे ठिपके पडतात. बाल्कनीच्या रंगीत काचेआडून एक्स्पोजर, म्हणजे ऊन दाखवणं, नको. कापडावर प्रिंट केली असेल तर धुण्याचा सोडा लांब ठेवा, रंग उडतो. टँकरचं जड पाणी असेल तर मी पहिल्या धुण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाकतो.

आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. धुतलेल्या प्रिंटवर ओतलं की ती क्षणात गडद निळी होते म्हणून सगळ्यांना ते हवं असतं, पण एक्स्पोजर कमी पडलेलं त्याने भरून निघत नाही, नुसती घाई होते. मी पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुतो आणि प्रिंट दोरीवर टाकतो, हवा लागून दुसऱ्या दिवशी तोच गडद निळा येतो.