लेमानेहचा पडका कॅसल बघायचा कसा, लाल केसांच्या मॉइराची गोष्ट ऐकायची कशी

आयर्लंडला क्लेअर काउंटीत जाणार असाल तर कोरोफिन ते किलफेनोरा रस्त्यावरचा लेमानेह कॅसल बघाच, पण आधी गोष्ट माहीत करून घ्या, नाहीतर बिनछपराच्या चार भिंती बघून परत याल. जागा खासगी आहे त्यामुळे कुंपण ओलांडू नका, रस्त्यावरून सगळं नीट दिसतं.

आधी उजवीकडचा टॉवर बघा. तो पंधराव्या शतकातला, खिडक्या म्हणजे नुसत्या उभ्या फटी, आतून बाण मारायच्या. त्याला चिकटून डावीकडे मोठमोठ्या दगडी चौकटींच्या खिडक्यांचा वाडा आहे ना, तो 1648 च्या सुमारास कॉनोर ओब्रायन आणि त्याची बायको मॉइरा रुआ यांनी बांधला. रुआ म्हणजे लाल केसांची.

आता गोष्ट. 1651 मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याशी लढताना कॉनोर जखमी होऊन पडला, त्याला दारात आणलं तर मॉइरा वरून ओरडली म्हणे, मेलेल्या माणसांचं इथे काय काम! मग कळलं जीव आहे अजून, तर आत घेऊन शेवटपर्यंत सेवा केली, आणि तो गेल्यावर भारी कपडे घालून थेट लिमरिक शहर गाठलं, शत्रूच्याच एका ऑफिसरशी लग्न करायला, का तर मुलाची जमीन जप्त होऊ नये म्हणून. यातलं कॉनोरचं मरण खरं, जॉन कूपर नावाच्या इंग्रज ऑफिसरशी लग्नही खरं, आणि जमीन वाचली हेही खरं. बाकी लोकांनी रंगवलेलं.

पुढे तर पंचवीस नवरे केले, मोलकरणींना केसांनी टांगलं, शेवटी तिलाच पोकळ झाडात कोंडलं असंही सांगतात. नवरे तीनच होते हो! लढाईच्या धामधुमीत एका बाईने घरदार टिकवलं आणि गोष्टीत तिची चेटकीण झाली, मला हे फार लागतं. म्हणून प्रत्येक गोष्ट ऐकताना कागदोपत्री काय आहे आणि तोंडोतोंडी काय वाढलंय हे वेगळं ठेवा.

अजून गोष्टी हव्या असतील तर दूखस डॉट आयई (duchas.ie) साइट बघा. 1937 ते 39 मध्ये शाळेतल्या पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वहीत उतरवलेल्या गोष्टी तिथे फुकट वाचता येतात. गावाचं नाव दोन-तीन स्पेलिंगने टाकून बघा, एकाने नाही मिळालं तर दुसऱ्याने मिळतं.

आणि परतताना एनिस गावातल्या ओल्ड ग्राउंड हॉटेलात डोकवा, लेमानेहची दगडी फायरप्लेस तिथे नेऊन बसवलीय.