मातीच्या भिंतीचं सयपाकघर अन् प्लगचे बोर्ड

आमचं गावचं घर जुनं. सयपाकघर आठ बाय दहाचं, एकच भिंत विटांची बाकी तीन मातीच्या, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी, अन् ओटा बांधला तो बरोब्बर खिडकीखाली, म्हणजे बोर्ड लावावा तं कुठं? अशी घरं आपल्याकडं बरीच आहेत म्हणून सांगतो.

पहिले फिटिंगवाल्याला बोलवू नका, पहिले सामान मांडा. मिक्सर, इंडक्शन, फ्रिज, फिल्टर जे जिथं राहणार तिथं खरंच ठेवा, वायर किती पुरते ते पाहा अन् भिंतीवर कोळशानं फुल्या मारा. आम्ही हे केलं नाही, तं एक बोर्ड नेमका फ्रिजच्या मागं गेला, आता प्लग काढायचा म्हणजे दोघांनी फ्रिज सरकवायचा. मायच्या शिव्या अजून चालू आहेत.

बोर्ड नळापासून तीनेक फूट लांब ठेवा. शेगडीच्या मागं नको, फोडणीचं तेल अन् वाफ सगळी बोर्डात जाते. चुलीच्या वर तं नकोच, काजळी बसून बटणं चिकटतात. खिडकीच्या खाली पावसाचा झोत येते. सिलेंडरजवळ खाली बोर्ड नको, कारण गॅस हवेपेक्षा जड असते, गळला तं खालीच साचते अन् बटणाची बारकीशी ठिणगीही त्याला पुरते. एवढं सगळं वगळून आमच्याकडं उरली खिडकीच्या बाजूची वीतभर रुंद विटांची पट्टी. तिथं आडवा मोठा बोर्ड बसतच नव्हता, मग दोन छोटे डबे एकावर एक उभे लावले, खालचा ओट्यापासून फूटभर वर. जागा अरुंद असली की उभंच लावा, दुकानदार आडवा गळ्यात मारते.

आता सॉकेट. ६ अँपिअरचं मिक्सर, फिल्टर, लहान फ्रिज याला चालते. ७५० वॅटचा मिक्सर जेमतेम सव्वातीन अँपिअर घेते. पण २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढते, अन् पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉडसुद्धा साडेसहा, म्हणजे ६ च्या वरच. याला १६ चं जाड पिनांचं सॉकेट, अन् त्याला बोर्डातून बोर्डात जोडलेली वायर नाही तं मेन डब्यापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर अन् वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारं बटण). बाकी सॉकेटांना अडीचची. आयएसआय मार्क पाहूनच घ्या. जाड पिन बारीक सॉकेटात घालायचा तो कन्व्हर्टर मिळते ना, तो घरात आणूच नका.

मातीच्या भिंतीत स्क्रूची गुट्टी धरत नाही, चार महिन्यांत प्लग ओढला की बोर्डच हातात येते. जुन्या घरात सागाचा खांब असतोच, डबा त्यालाच स्क्रूनं कसा, पण डबा मागून बंद पाहिजे, लाकडाला उघडी वायर लागायला नको. खाचा पाडून वायर दाबायच्या भानगडीत पडू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. वरून पाइप टाका. दिसायला बरं नाही दिसत, पण उंदीर असतील तं केसिंग पट्टीपेक्षा जाड पाइपच बरा.

अन् अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवायची सोय. यात लोक सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात. प्लगची तिसरी मोठी पिन तोडायची, नाहीतर कुलरची वायर काडी खोचून सॉकेटात घुसवायची, हे आपल्याकडं मे महिन्यात घरोघरी चालते, अन् लोखंडी कुलरचा करंट लागून माणसं जातात. काही फिटिंगवाले अर्थची वायर सॉकेटातच न्यूट्रलला (करंट परत जायच्या तारेला) जोडून देतात. तसं अजिबात करू देऊ नका, मागून न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यात थेट करंट येते. मोरीच्या सांडपाण्याजवळ खड्डा करून त्यात सळई गाडून मीठ-कोळसा टाकून स्वतंत्र अर्थिंग करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईला सोडते, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडते तो) लावाच. एमसीबी वायर वाचवते, माणूस आरसीसीबीच वाचवते. महाग वाटते, पण टाइल्सवर खर्च करतोच ना आपण.

जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, मेन बंद करून, पण शेजारी उभे राहा. बटण फेजवर (करंट येते त्या तारेवर) आहे का ते टेस्टरनं दाखवायला लावा: बटण बंद केल्यावर सॉकेटात टेस्टर पेटायला नको. अर्थची हिरवी वायर प्रत्येक डब्यात आली का ते झाकण लावायच्या आधीच पाहा, नंतर कोणी उघडत नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बारकं बटण असते, ते दाबलं की खटकन पडला पाहिजे, अन् पुढं महिन्यातून एकदा दाबत जा.

मग इंडक्शनवर गंजभर पाणी ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा, बंद करा, प्लग काढून सॉकेटच्या प्लेटला हात लावून पाहा. चटका बसला तं आत स्क्रू ढिला आहे, वायरमन अंगणात चहा पीत असतानाच परत बोलवा.