मुलगा डिफेन्स खेळतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला. प्रशिक्षकांनी मुलाला आइस हॉकीत डिफेन्सला, म्हणजे बचावाच्या जागी, घातलंय, म्हणजे त्याला मागे टाकलं का?

आम्हाला कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागात येऊन पंचवीस वर्षं झाली. माझा मुलगा सहाव्या वर्षी बर्फावर उतरला तो डिफेन्समन म्हणूनच. पुढे ज्युनियर, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या लीग, मग विद्यापीठ आणि शेवटी अमेरिकेतल्या एका लहान शहरात ईसीएचएल या खालच्या पायरीच्या व्यावसायिक लीगचे दोन हंगाम. एनएचएल या सर्वोच्च लीगपर्यंत तो पोचला नाही. पण ही वाट मी पहाटे साडेपाचच्या सरावापासून पगाराच्या करारापर्यंत जवळून पाहिली आहे. नव्याने आलेल्या आईवडिलांना तिच्यातली वळणं आधी कळावीत, म्हणून हे लिहिते आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर साधा हिशेब देतो. सामन्याला साधारण बारा फॉरवर्ड (चढाई करणारे), सहा डिफेन्समन आणि दोन गोली (गोलरक्षक) उतरतात. बर्फावर एका वेळी तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. साठ मिनिटं वाटली तर फॉरवर्डच्या वाट्याला सरासरी पंधरा मिनिटं येतात, डिफेन्समनच्या वाट्याला वीस. एनएचएलमधले आघाडीचे डिफेन्समन तर पंचवीस मिनिटांच्या आसपास खेळतात. ज्याच्यावर संघाचा भरवसा असतो, तोच इतका वेळ बर्फावर राहतो.

मात्र हे काम डोळ्यात भरत नाही. समोरून वेगाने येणाऱ्याला तोंड देत उलटं स्केटिंग करायचं, दोघांतलं अंतर काठीभर ठेवायचं, नजर पकवर (खेळाच्या रबरी चकतीवर) नाही तर त्याच्या छातीवर ठेवायची, कारण हात फसवतात, धड फसवत नाही. दोघे चाल करून आले आणि आपण एकटे असलो, तर शॉट गोलीवर सोपवून आपण पास तोडायचा. हे मला कळायला चार वर्षं लागली. तोवर मुलगा ‘नुसता मधे उभा राहतो’ म्हणून मी घरी येताना गाडीत त्याला बोलायचे. तो त्याचं काम अगदी बरोबर करत होता. त्या बोलण्याची आज मला फार खंत वाटते.

काठीबद्दलही एक सांगते. उजवा हात खाली धरून खेळणारे डिफेन्समन कमी असतात आणि संघांना ते हवे असतात. उजव्या बाजूच्या भिंतीलगत आलेला पक त्यांना उलटी काठी न करता घेता येतो. तरी मुलाचा हात बळेच बदलू नका. त्याला जसं सहज जमतं, तसंच राहू द्या.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. डिफेन्समन उशिरा पिकतो. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ तरुण खेळाडू निवडतात त्या यादीत, नाव आलं नाही की घरात सुतक पडल्यासारखं होतं. आमच्याकडेही झालं. तेव्हा मी निकलस लिडस्ट्रॉम या नामवंत डिफेन्समनची कारकीर्द वाचून काढली. 1989 च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने त्याला थेट 53व्या क्रमांकावर घेतलं. पुढे सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याने सात वेळा जिंकली. सहा फूट नऊ इंचांचा झ्देनो चारा 1996 मध्ये 56वा होता, आणि शेवटी 1,680 सामने खेळला. टोरंटोच्या मार्क जिओर्दानोला तर कुणीच ड्राफ्ट केलं नाही. मधे एक हंगाम तो रशियात जाऊन खेळला, परत आला, कॅलगरीचा कर्णधार झाला आणि 2019 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने नॉरिस घेतली. अशी माणसं थोडीच, हे मान्य. पण अठराव्या वर्षी दार कायमचं बंद होत नाही, एवढं यांच्याकडे पाहून नक्की कळतं.

शिक्षणाच्या बाबतीत जुन्या कुटुंबांचा सल्ला जपून ऐका, माझाही. आमच्या वेळी मेजर ज्युनियरमध्ये, म्हणजे ओएचएलसारख्या लीगमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. त्या भीतीने आम्ही ज्युनियर ए, म्हणजे त्याच्या एक पायरी खालची लीग, निवडली. ऑगस्ट 2025 पासून तो नियम बदलला आहे. त्यामुळे आता निर्णय भीतीने घेऊ नका. मुलाला कुठे जास्त वेळ बर्फावर मिळेल, हे विचारून घ्या. एनएचएलचा डिफेन्समन केल मकार तर 2017 मध्ये ज्युनियर एमधूनच चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, आणि मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात खेळला.

ज्युनियरला मुलगा सोळाव्या वर्षी दुसऱ्या गावी, दुसऱ्याच कुटुंबात राहायला जातो. त्या घराला ‘बिलेट’ म्हणतात. आम्हाला लाभलेल्या माऊलीने माझ्याकडून फोनवर वरण-भात शिकून घेतला. तिच्याशी आधी मोकळेपणी बोला: जेवण, अभ्यास, रात्री परतायची वेळ. संघाच्या कागदांत हे सगळं येत नाही.

ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा, तोही हंगामापुरता, आणि राहायची सोय संघाकडून. रात्रभर बसचा प्रवास असतो. वर एएचएल, त्याच्यावर एनएचएल. वरच्या संघाचा एखादा खेळाडू जखमी झाला की खालच्याला फोन येतो, आणि आठवडाभरात परतही पाठवतात. करारात दोन लीगचे दोन वेगळे पगार लिहिलेले असतील, तर खालचा आकडा धरून घर चालवायचं. मुलाकडे विद्यापीठाची पदवी होती, म्हणून दुसऱ्या हंगामानंतर थांबायचा निर्णय त्याला शांतपणे घेता आला.

डोक्याच्या माराबद्दल मात्र कुणाचं ऐकू नका. 2013 मध्ये हॉकी कॅनडाने 11-12 वर्षांच्या गटातून बॉडीचेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन अडवणं, काढलं. माझ्या मुलाच्या वेळी ते होतं. कोपऱ्यात पक घ्यायला पाठ करून जाणाऱ्या डिफेन्समनला मार सगळ्यात जास्त बसतो. पंधराव्या वर्षी त्याला तसा मार बसला आणि संघातल्या एका मोठ्या माणसाने ‘उद्या महत्त्वाचा सामना आहे’ म्हणून गळ घातली. आम्ही त्याला महिनाभर घरी ठेवलं. आज ओंटारियोत ‘रोवन्स लॉ’ आहे. मेंदूला मार बसल्याचा संशय आला की खेळाडूला लगेच बाहेर काढावं लागतं, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय तो परतू शकत नाही. हा कायदा आपल्या बाजूने आहे. तो वापरायला लाजू नका.

आणि सामना बघताना पहिला महिना पकच्या मागे जाऊ नका, मुलाकडेच बघा. कोपऱ्यात पकपाशी पोचण्याआधी तो मान वळवून खांद्यामागे बघतो का, आणि किती वेळा? त्या एका नजरेने मारही चुकतो आणि पास कुणाला द्यायचा तेही ठरतं. मी एका वहीत रेघा मारायचे. नवव्या वर्षी एका सामन्यात दोन रेघा होत्या. बाराव्या वर्षी मोजायला पानं पुरेनात, आणि मी वही घरी ठेवायला लागले.