दुर्मीळ नाणी ऑनलाइन कशी विकावीत

नाणं घासू नका. पॉलिश, टूथपेस्ट, सोडा, काहीही नको. जुन्या धातूवरची नैसर्गिक छटा एकदा गेली की परत येत नाही आणि घासल्याचे बारीक चरे जाणकाराला भिंगातून लगेच दिसतात. "चकचकीत करा, भाव वाढेल" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, भाव पडतो.

वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा, व्यास मोजा, नाण्यांच्या कॅटलॉगशी ताडून पाहा. जुळलं नाही तर जाहिरात टाकू नका.

आता किंमत. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. साधा शोध घेतला की जे आकडे समोर येतात ते मागितलेले भाव असतात, आणि मागायला कोणी कितीही मागतो. "हे नाणं असेल तर लखपती व्हाल" छापाचे व्हिडिओ याच आकड्यांवर उभे असतात. त्यांच्यावर एक क्षणही घालवू नका. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर लावा, म्हणजे साधारण गेल्या ९० दिवसांत खरोखर झालेले सौदे दिसतील. त्यातही किंमत खोडलेली दिसली तर ती हिशेबात धरू नका. तिथे विक्रेत्याने ग्राहकाची ऑफर स्वीकारलेली असते, म्हणजे सौदा त्याहून कमीत झालेला असतो. लिलावगृहांचे निकाल पाहताना त्यात खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं कमिशन धरलंय का, तेही बघा.

तुलना करताना वर्ष, टाकसाळीची खूण आणि दर्जा तिन्ही जुळायला हवेत. नाण्याचा दर्जा ज्या आकड्यांत सांगतात ती शेल्डन श्रेणी १ ते ७० अशी असते. ६० पासून पुढची नाणी न वापरलेली. पण ६३ आणि ६५ यांच्या भावात कधी कधी कित्येक पटींचा फरक पडतो. आपल्या नाण्याला आपण हमखास चढा दर्जा देतो, म्हणून मी मनात आलेल्या दर्जाच्या एक पायरी खालचा भाव धरतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांकडून प्रमाणित करून घेणं उत्तम, पण फी, टपाल आणि विमा मिळून नाण्याचा बराचसा भाव खाणार असेल तर करू नका. नाणं आधीच अशा कंपनीच्या सीलबंद डबीत असेल तर तिचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. नकली डब्याही फिरतात.

फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचे, तिरप्या उजेडात, फिल्टर न लावता. डाग-ओरखडे वर्णनात स्पष्ट लिहा.

दोन-तीन संग्राहक हमखास भिडतील असं नाणं असेल तरच लिलाव, नाहीतर ठरावीक किंमत.

परदेशी पाठवण्याआधी पुरातन वस्तूंच्या निर्यातीचे नियम वाचा. पीव्हीसीच्या पाकिटात नाणं घालू नका, त्याने हिरवट चिकटा धरतो. नाणं खुळखुळणार नाही असं बांधा, विमा काढा, सहीशिवाय पोच नको. आणि ऑर्डरवर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर पाठवा, ग्राहकाने मेसेजमधून दुसरा कळवला तरीही.