हेडफोन घ्या, पण कंडक्टरचा आवाज बंद होणार नाही: या चुका टाळा

पणजी-म्हापसा बसमध्ये पहिल्यांदा हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज दाबण्याची सोय) चालू केलं, तेव्हा इंजिनाची घरघर विरून गेली आणि कंडक्टरचं "फाटीं वच, फाटीं वच" (मागे जा) पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागलं. माल खराब निघाला असं समजून मी तो परत करायला निघालो होतो. खराब होती ती माझी समजूत.

हेडफोनमधले बारीक माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याची उलटी लहर कानात सोडली जाते. हे साधतं ते खालच्या पट्टीतल्या, एकसुरी आवाजांना: बस, फेरीबोट, एसी, विमान. माणसांचं बोलणं, हॉर्न, कुकरची शिटी यांना अडवते ती मुख्यतः कानाभोवतीची गादी. आरतीत वाजणाऱ्या घुमट या वाद्याचा ठोका खालच्या पट्टीतला खरा, पण तो एकसुरी नाही. चवथीला शेजारी आरती रंगली की महागातला हेडफोनही हात टेकतो. (तेव्हा हेडफोन लावून बसणाऱ्याला काय म्हणावं, तो वेगळा विषय.)

म्हणून गादी आधी तपासा. चष्मा असेल तर तो घालूनच. काडीमुळे फट राहिली की घरघर आत शिरते आणि आपण कंपनीला बोल लावतो. दुकानातल्या शांततेत सगळेच हेडफोन पास होतात. त्यामुळे परत करण्याची मुदत संपायच्या आत रोजच्या बसमध्ये एक फेरी मारा. परत म्हणजे पैसे परत की फक्त बदली, हेही बिल करण्याआधी विचारा.

साखळी गावातला माझा भाचा घरून काम करतो. एके दिवशी त्याचा फोन आला, "मामा, मला काहीच ऐकू येत नाही, पण मीटिंगमध्ये सगळ्यांना आईचा मिक्सर ऐकू येतो!" बरोबरच आहे. नॉइज कॅन्सलिंग असतं आपल्या कानासाठी. समोरच्याला जाणारा आवाज साफ करणं हे माइकचं वेगळं काम. मीटिंगसाठी घेत असाल तर दुकानातूनच घरी फोन लावा आणि पलीकडच्याला विचारा.

त्याची दुसरी तक्रार, लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बहुधा गाण्याचा मार्ग सोडून फोन कॉलच्या मार्गावर जातं आणि दर्जा घसरतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडला की आवाज पुन्हा भरतो. मिक्सर मात्र तेव्हा आणखी जोरात जाईल. त्याला इलाज दार लावणं.

एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त दर्जाचा आवाज पाठवण्याची पद्धत. तिच्यासाठी जादा पैसे मोजताना हातातला फोन बघा. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं, पण आयफोनला ते चालत नाही, तिथे एएसी ही दुसरी पद्धतच.

आता हेडफोनच्या कंपनीचं अ‍ॅप, म्हणजे खरी डोकेदुखी. "डिव्हाइस सापडत नाही" असं दिसलं की लोक लगेच अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात. त्याआधी बघा, हेडफोन आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला तर चिकटलेला नाही ना? तिथलं ब्लूटूथ बंद करा. मग परवानग्या. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथवर हेडफोन शोधायला 'जवळपासची डिव्हाइस' ही वेगळी परवानगी आहे. त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ शोधायला लोकेशन चालू लागायचं. एवढं करूनही अडलं तर ब्लूटूथच्या यादीतून हेडफोन काढा, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे रीसेट करा आणि नव्याने जोडा. यादीत एकाच हेडफोनची दोन नावं दिसत असतील तर दोन्ही काढा.

फर्मवेअर (हेडफोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बसमध्ये करू नका. मी केलं. पर्वरीच्या आसपास फोन आला, अपडेट ६० टक्क्यांवर अडकलं आणि त्या दिवशी हेडफोन मुका झाला. घरी चार्जरला लावून रीसेट केल्यावर बोलला. दोन्हीकडची बॅटरी भरलेली, फोन शेजारी आणि हातात दुसरं काम नसेल, तेव्हाच अपडेट.

अ‍ॅप ईमेल मागेल, लोकेशन मागेल, तुम्ही काय ऐकता हेही विचारेल. 'वगळा' बारीक अक्षरात कुठेतरी असतं, ते शोधा. घेतानाच एक परीक्षा करा: अ‍ॅप नसलेल्या फोनला जोडून नॉइज कॅन्सलिंग बटणाने चालू-बंद होतं का, इक्वलायझर (खर्ज-तार कमी-जास्त करण्याची सेटिंग) लावलेला तसाच राहतो का? नसेल तर ते अ‍ॅप बंद पडेल त्या दिवशी तुमच्याकडे अर्धाच हेडफोन उरेल.

मिरामारच्या किनाऱ्यावर वाऱ्यात घूं-घूं ऐकू आली तर बिघाड समजू नका. वारा बाहेरच्या माइकवर आदळतो. वाऱ्यासाठीचा मोड असेल तर तो लावा, नाहीतर नॉइज कॅन्सलिंग बंद करा. दुचाकीवर तर हेडफोन काढूनच ठेवा.

आणि आमचा पाऊस. कानावर बसणाऱ्या पुष्कळ मॉडेलांवर आयपी मानांकनच नसतं, म्हणजे पाण्याची हमी नाही. दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या सोलून काळे पापुद्रे कानाला चिकटतात. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि घेण्याआधीच विचारा: या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का, केवढ्याला?